मामांचं घर, फोटोबरहुकूम

नंदकिशोररावांनी बेलापूरच्या एका कार्यालयात बत्तीस वर्षं नकाशे काढले आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांची एकही रेघ चुकली नाही. असं ते स्वतः सांगत, आणि कुणी विचारायच्या आत सांगत. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत कुणी नुसतं 'तो डावीकडचा जिना' म्हणालं, की हे त्याला तिथल्या तिथे थांबवत. "डावीकडचा म्हणजे? तोंड कुठे करून?" रिक्षावाल्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यामुळे अशा माणसाने दिनानाथमामांचं पडकं घर पुन्हा उभं करायचं मनावर घेतलं, तेव्हा घरात कुणाला काळजी वाटली नाही. वाटायला हवी होती.

दिनानाथमामा म्हणजे नंदकिशोररावांच्या पत्नीचे, जयमालाबाईंचे मामा. वय एक्क्याऐंशी. मूळचे साताऱ्याकडचे, पण उभा जन्म खारघरच्या टेकडीमागच्या वीस गुंठ्यांच्या वाडीवर काढलेले. धंदा वरातीला घोडी पुरवायचा. पनवेलपासून ठाण्यापर्यंत किती नवरदेव त्यांच्या घोडीवरून बोहल्यावर गेले याची मोजदाद नाही. स्वतः मात्र त्यांनी लग्न केलं नाही; इतके नवरदेव जवळून पाहिल्यावर नको वाटलं असेल. जयमालाबाईंचे वडील लवकर गेले आणि त्यांचं कॉलेज मामांनीच केलं. ही बाई मामांवर किती जीव टाकत होती ते मी वेगळं सांगत नाही, पुढे कळेलच.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने मामांचे डोळे गेले. त्याच पावसाळ्यात वाडीवरच्या दगडी इमारतीचं छप्पर आणि पुढची भिंत खाली बसली. एकाच छपराखाली एका टोकाला मामांची खोली, दुसऱ्या टोकाला घोड्यांची पागा आणि मध्ये एक भिंत, अशी ती इमारत होती. जयमालाबाईंनी मामांना उचलून नेरूळच्या फ्लॅटमध्ये आणलं. घोडे आणि त्यांच्यामागे पोपट, म्हणजे मामांचा जुना गडी, विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले.

फ्लॅटमध्ये मामांचा जीव रमेना. पहाटे पाचला उठून ते बाल्कनीत जीभ टाळ्याला लावून 'चक् चक्' करत. घोडी यायची नाही, समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकत यायचं. कधी लिफ्टमध्ये शिरून "ही पेटी कुणी बांधली, हवा कुठून येणार" म्हणून हुज्जत घालत. रोज जेवताना एकच प्रश्न. "जयू, घरी कधी जायचं?"

"मामा, हे घरच आहे."

"हे घर हाय, ते आपलं घर हाय," मामा म्हणत, आणि भात चिवडत बसत.

शेवटी एके दिवशी नंदकिशोरराव ताटावरूनच बोलले. "मी बांधतो. होतं तसं. दगड तोच, चुना तोच, उंबरा तिथेच. मामा डोळे मिटून चालतील असं."

"त्यांचे डोळे मिटलेलेच आहेत," जयमालाबाई म्हणाल्या. पण मग त्यांनी अट घातली. मामा फाटकापासून आपल्या पलंगापर्यंत एकटे चालत जातील. कुणी हात धरायचा नाही, कुणी सांगायचं नाही. धडपडले नाहीत, तर तिथे राहतील, पोपट आहेच सोबतीला. धडपडले किंवा चुकले, तर कायमचे नेरूळला. वाडी बंद करायची आणि दोन्ही घोडे अलिबागला किनाऱ्यावर चकरा मारणाऱ्या एकाला देऊन टाकायचे. तो माणूस दोनदा विचारूनही गेला होता.

"मला मंजूर," मामा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला.

आता होतं तसं बांधायचं, तर होतं कसं हे कळायला हवं. पुढची भिंत गेलेली, मधली भिंत गेलेली, उरली फक्त मागची आणि बाजूच्या दोन. साधा माणूस असता तर त्याने मामांना विचारलं असतं. पण नंदकिशोररावांना मामांना थक्क करायचं होतं. शिवाय तोंडी माहितीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मामांची ट्रंक उपसली. तळाशी एका लखोट्यात एक निगेटिव्ह मिळाली. प्रिंट कुठेच नव्हती. उजेडाकडे धरली तर दिसलं की घर आहे, घोडी आहे आणि घोडीचा लगाम धरून कुणी तरणाबांड गडी उभा आहे. लखोट्यावर लिहिलं होतं १९७९.

ती घेऊन ते सानपाड्याला एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसाने बऱ्याच दिवसांनी निगेटिव्ह पाहिली असावी. स्कॅनरचं झाकण उघडून त्याने विचारलं, "सर, हिची कुठली बाजू वर ठेवायची?"

हा प्रश्न आपल्याला पडला असता तर आपण म्हणालो असतो, बाबा रे, मला माहीत नाही, तूच बघ. पण नंदकिशोरराव बत्तीस वर्षं साहेब होते. माहीत नाही हे वाक्य त्यांना येत नव्हतं. "चकचकीत बाजू वर," ते ठामपणे म्हणाले.

तासाभरात दाराएवढा मोठा फोटो तयार झाला. फाटकातून काढलेला. डाव्या टोकाला खोलीचं दार, उजव्या टोकाला पागेची कमान. पुढ्यात घोडी आणि पस्तिशीतले मामा, डाव्या हातात लगाम धरून ऐटीत उभे. नंदकिशोररावांनी फोटो लाकडी फळीवर डकवला, वाडीवर नेऊन आंब्याला टांगला आणि जयमालाबाईंना सांगून टाकलं, की काम पूर्ण होईपर्यंत तू तिकडे फिरकायचं नाही.

पहिल्याच दिवशी पोपट फोटोपुढे उभा राहून मान वाकडी करून बघत बसला.

"साहेब, ह्यात कायतरी गडबड हाय. मालकांची खोली ह्या अंगाला न्हाई. त्या अंगाला हुती."

"कुठे उभा राहून त्या अंगाला?"

"हितंच की. उबा राहिलोय तितं."

"पोपट, तू विहिरीजवळ राहतोस. तुला सगळं विहिरीकडून बघायची सवय आहे. विहिरीकडून उजवीकडचं इकडून डावीकडे येतं."

पोपट विहिरीपाशी गेला, तिथून बघितलं, परत आला. "तिथनंबी त्याच अंगाला हाय, साहेब."

"फोटो आहे ना समोर? मग वाद कशाला?"

पोपटाने टोपी नीट केली आणि तो घोड्यांना पाणी पाजायला गेला. मोठ्या माणसाला तीन वेळा सांगायचं नाही, हा त्याचा नियम होता. दोनदा सांगून झालं होतं.

मग शेजारच्या गावातल्या गोजराबाई आल्या. या इथल्याच, चुन्याच्या कामातल्या जाणत्या. त्यांच्या सासऱ्यांनी चुन्यात कितीतरी घरं बांधलेली, त्यामुळे नंदकिशोररावांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. चुना भिजवायचा कसा, त्यात गुळाचं पाणी किती घालायचं, हे सगळं बाईंच्या हातात होतं. त्यांनी फोटो पाहिला आणि पदर खोचत म्हणाल्या, "सायेब, दार त्या अंगाला व्हता. मी लगीन करून आले तवापासून बगते. तुमी उलटा काय बांधता?"

"तुमचं घर कुठे, गोजराबाई?"

"ह्ये काय, मागल्या अंगाला."

"हां! म्हणजे तुम्ही चाळीस वर्षं हे घर मागून बघताय. मागून बघितलं की सगळं उलटंच दिसतं."

गोजराबाईंनी पोपटाकडे बघितलं. पोपटाने आभाळाकडे बघितलं. "मना काय," बाई म्हणाल्या, "मी चुना कालवते. दार पाहिजे तर छपरावर लावा."

काम जोरात सुरू झालं. वाडीवरून खारघरचे टॉवर दिसतात, मेट्रो सरकताना दिसते, आणि त्या सगळ्याकडे पाठ करून नंदकिशोरराव डोक्याला पंचा गुंडाळून दगडावर दगड बसवून घेत होते. त्यांना मोठी मजा येत होती. जन्मभर कागदावर घरं काढली, हाताला चुना पहिल्यांदा लागत होता. मदतीला आठ गवंडी-बिगारी होते आणि लुडबुडीला दोन घोडे. एक हिंदुराव. हा माथेरानहून सेवानिवृत्त. जन्मभर पर्यटक पाठीवर वाहिल्यामुळे कुणी मोबाइल उचलला की तो जिथे असेल तिथून येऊन समोर उभा राहायचा आणि फोटो निघेपर्यंत हलायचा नाही. कामाची प्रगती दाखवणाऱ्या नंदकिशोररावांच्या एकूण एक फोटोत हिंदुराव आहे, काम कुठेतरी मागे आहे. एकदा तर भिजत घातलेलं गुळाचं सगळं पाणी त्याने पिऊन टाकलं आणि दुपारभर तो गवंड्यांच्या मागे मागे फिरत होता.

दुसरी सगुणा. पांढरी, बावीस वर्षांची, मामांची लाडकी. वरातीतली घोडी असल्यामुळे अत्यंत शिस्तीची.

पुरावे येत राहिले आणि नंदकिशोरराव त्यांचा निकाल लावत राहिले. मलबा उपसताना डाव्या टोकाला दगडी गव्हाण सापडली, घोडे जिच्यात चारा खातात ती. आता फोटोप्रमाणे डावं टोक म्हणजे खोली. खोलीत गव्हाण कशी?

"मलबा काढणाऱ्यांनी मागे हलवली असणार," नंदकिशोरराव म्हणाले.

"साहेब, आख्खा दगुड हाय. हलवायला आट माणसं लागतील."

"लागू देत." आठ माणसं लागली. गव्हाण उजव्या टोकाला, तिच्या मूळ जागी जाऊन बसली. एका बिगाऱ्याची कंबर धरली आणि तो दोन दिवस हिंदुरावासारखा चालत होता.

मग उजव्या टोकाच्या मागच्या भिंतीवर चुलीची काजळी निघाली. "माश्या जाव्यात म्हणून पागेत धूर करत असतील," नंदकिशोरराव म्हणाले, आणि त्यावर पांढरा हात मारून घेतला.

एवढं होऊनही एकदा त्यांच्या मनात पाल चुकचुकली, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. एका रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, फाटकातून आत शिरलं की तुमची खोली कुठल्या हाताला?"

"लगामाच्या हाताला," मामा म्हणाले.

तोंड कुठे करून, हे विचारायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंब्यावरचा फोटो पाहिला. लगाम डाव्या हातात. खोली डाव्या हाताला. नंदकिशोररावांनी तो फोटो पोपटाला दाखवला, गोजराबाईंना दाखवला, आणि हिंदुरावालाही दाखवला असता, पण तो आधीच येऊन समोर उभा होता.

तक्रार फक्त सगुणेची राहिली. पागा तयार झाली, खाली सुकं गवत अंथरलं, गव्हाणीत चारा टाकला, आणि पोपट रोज संध्याकाळी तिला उजवीकडच्या कमानीत न्यायचा. ती आत जायची, चारा बघायची, बाहेर यायची, सरळ डावीकडे चालत जायची आणि मामांच्या नव्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची. तीन आठवडे हाच प्रकार. शेवटी खोलीच्या दाराला आडवी फळी ठोकावी लागली.

"म्हातारी झाली," नंदकिशोरराव म्हणाले.

"व्हय," पोपट म्हणाला. "कुनीतरी झालंय."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दहाला मामांची परीक्षा होती. नंदकिशोररावांनी सगळं टापटीप केलं. खोलीत पलंग, नवी गादी, जयमालाबाईंनी पाठवलेली फुलाफुलांची चादर, भिंतीला धरायला दांडे लावलेलं आतलंच न्हाणीघर. दारावरची फळी काढली. फोटो मुद्दाम पडवीत, येताजाता दिसेल असा लावला. गोजराबाई नवं लुगडं नेसून आल्या. पोपटाने सगुणेला वरातीची झूल घातली.

गाडी थांबली. जयमालाबाई आधी उतरल्या, त्यांनी इमारतीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अहो," त्या म्हणाल्या.

"काही बोलू नकोस. फक्त बघ."

"अहो, पण ते..."

"नंतर. आधी मामांना जाऊ दे." नंदकिशोररावांना वाटलं, बायको भारावून गेली. कारण वेगळंच होतं. मामा शेजारी उभे होते, त्यांच्यासमोर काही सांगितलं तर अट मोडली असती. जयमालाबाई मामांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मामांनी फाटकाच्या कडीवरून हात फिरवला. मग सगुणेच्या मानेवरून. ती त्यांच्या खांद्यावर नाक घासत राहिली आणि बराच वेळ दोघंही हलली नाहीत. मामा घोडीला म्हणाले, "चल गं बाय, आपापल्या जागी जाऊ."

पोपटाने दोरी सोडली. मामांनी काठी पुढे टाकली आणि ते चालू लागले. काय चालले! फ्लॅटमध्ये बेसिनपर्यंत जायला भिंत धरणारे मामा अंगणातून असे निघाले, की जयमालाबाई दोन पावलं मागेच पडल्या. अकरा पावलं सरळ. मग थांबले, आणि वळले उजवीकडे.

"डावीकडे," नंदकिशोरराव पुटपुटले.

"सांगायचं नाही," जयमालाबाई म्हणाल्या.

मामा पडवीची पायरी चढले, कमानीच्या दगडाला हात लावला, उंबरा ओलांडला आणि पागेत शिरले. इकडे सगुणा झूल सावरत डावीकडे गेली, पायरी चढली आणि खोलीत शिरली. दोघंही एकाच वेळी दिसेनाशी झाली. अंगणात चारजण आणि हिंदुराव उरले.

"बगा," गोजराबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "दोगांनाबी आपला घर म्हाईत हाय."

जयमालाबाई पडवीतल्या फोटोपुढे उभ्या होत्या. "अहो, मामांनी लगाम कुठल्या हातात धरलाय?"

"डाव्या. म्हणूनच तर..."

"घोडी धरून नेणारा माणूस लगाम उजव्या हातात धरतो. मामा जन्मात डावखुरे नव्हते. आणि शर्टाचा खिसा बघा."

नंदकिशोररावांनी बघितलं. खिसा उजव्या बाजूला होता. त्यांनी स्वतःच्या खिशाला हात लावला. तो डाव्या बाजूला होता. जगातल्या सगळ्या शर्टांचा असतो तसा. सानपाड्याचा स्टुडिओ, उघडं झाकण आणि आपला तो ठाम आवाज त्यांना एकदम आठवला आणि ते पायरीवर बसले. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली होती आणि आख्खी इमारत त्यांनी आरशातून बघून बांधली होती.

"मामा नापास," ते कसेबसे म्हणाले. "माझ्यामुळे."

जयमालाबाई पागेकडे धावल्या. मामा मधल्या भिंतीला लागून, गवताच्या बिछान्यावर हातपाय ताणून निजले होते. काठी उशाशी, चपला पायथ्याशी, ओळीत. चेहऱ्यावर दोन वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान.

"आलो बघ जयू. कुनाचा हात धरला न्हाई. ठेच लागली न्हाई."

"मामा, बरं वाटतंय ना तिथे?"

"न वाटायला काय झालं? माझाच पलंग. गादी जरा टोचतीय, नवी हाय म्हनून असंल." आणि त्यांनी भिंतीला कान लावला. पलीकडून सगुणा काहीतरी रवंथ केल्यासारखं चावताना ऐकू येत होतं. ती फुलाफुलांची चादर होती, पण ते मामांना कसं कळणार. "ऐक. तिचा आवाज ह्याच भिंतीतनं यायचा. आता मला झोप लागंल."

जयमालाबाई बाहेर आल्या आणि पडवीच्या खांबाला धरून हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. अट अशी होती, की मामा फाटकापासून पलंगापर्यंत एकटे जातील. मामा गेले. पलंग तिथे नव्हता, ही चूक मामांची नाही. मामा इथेच राहतील. "आणि त्यांना हे काही कळता कामा नये. बांधलेलं घर उलटं झालं हे ऐकलं, तर या वयात त्यांना काय वाटेल? ते झोपलेत तोवर सगळं बदलून टाका. पलंग तिकडे, गव्हाण इकडे. आवाज न करता."

आठ माणसांना फोन गेले. रविवार असल्यामुळे ती घरीच होती. कंबर धरलेला बिगारीही आला. काय झालंय ते त्याला प्रत्यक्ष बघायचं होतं. खोलीतून पलंग बाहेर काढला. सगुणेला त्या खोलीतून काढायची गरजच नव्हती. न्हाणीघर मात्र उचलून नेता येत नव्हतं. ते दुसरीकडे बांधून होईपर्यंत, पनवेल तालुक्यात भिंतीला दांडे लावलेलं न्हाणीघर असलेली ती एकमेव घोडी ठरली.

मग राहिली गव्हाण. ती मामांच्या बिछान्यापासून चार हातांवर. मामा घोरत होते. आठ माणसं चपला काढून, चवड्यांवर आत शिरली. नंदकिशोरराव ओठांवर बोट ठेवून मध्ये उभे राहिले. "एक, दोन, तीन, उचल," मुकादम कुजबुजला.

दगड फरशीवर खर्रकन घासला. घोरणं थांबलं. आठही माणसं होती तशी थिजली.

"कसला आवाज ह्यो?" मामांनी विचारलं.

"घोडी आहे, मामा," नंदकिशोरराव म्हणाले. "इकडेतिकडे फिरतेय."

"घोडी 'एक, दोन, तीन, उचल' म्हनती?"

मामांनी हाताने खूण करून जावयाला जवळ बोलावलं. नंदकिशोरराव गवतावर बसले. मामा हळू आवाजात बोलू लागले.

"जावईबापू, साठ वरसं घोड्यांत काढली. मला सुक्या गवताचा वास कळत न्हाई व्हय? कमानीला हात लावला तवाच समजलं. खोलीला कमान कवा हुती?"

नंदकिशोरराव आणखी जवळ सरकले. "मामा, मग तुम्ही बाहेर का नाही आलात?"

"आलो असतो, तर चुकला म्हनून जयूनं परत नेरूळला नेलं असतं. म्हनून म्हटलं, हाच माझा पलंग. झोपलो." त्यांनी जावयाच्या गुडघ्यावर थाप मारली. "दगुड मातुर झ्याक बसिवलाय तुम्ही. हात फिरवला मी. जुनं बी इतकं सरळ नव्हतं. आता एक करा, पोरीला सांगू नका मला कळलं म्हनून. हौसेनं बसलीया भायेर. मला काय ठावं न्हाई असंच वाटू दे तिला."

"नाही सांगत," नंदकिशोरराव म्हणाले, आणि पंच्याने तोंड पुसायच्या निमित्ताने त्यांनी डोळेही पुसून घेतले.

"आन त्यांना म्हनावं, उंबऱ्यावर जपून. मी घोरतो."

मामा खरोखरच घोरू लागले, आधीपेक्षा जरा जास्त मोठ्याने, म्हणजे कुणाला शंका नको. गव्हाण उंबऱ्यावरून जपून गेली आणि पलंग आत आला. सगुणेला चादरीऐवजी चारा मिळाला. संध्याकाळपर्यंत, कमान सोडली तर, घर होतं तसं झालं, म्हणजे पोपट आणि गोजराबाई पहिल्या दिवसापासून सांगत होते तसं.

ऊन टेकडीमागे गेलं तेव्हा जयमालाबाईंनी नवऱ्याला अंगणात बाजूला घेतलं. "अहो, मामांना काही कळलं तर नाही ना?"

"छे," नंदकिशोरराव म्हणाले.

चहाचा कप घेऊन ते आत गेले, तर मामांनी त्यांची बाही ओढली. "जयूला काय समजलं तर न्हाई?"

"छे."

रात्री ते दोघं नेरूळला परतले. जन्मभर खरं तेच कागदावर उतरवलेल्या माणसाला आता मरेपर्यंत दोन्हीकडे खोटं सांभाळायचं होतं. पण दोघांनाही उत्तर एकच द्यायचं होतं, त्यामुळे निदान यात तरी डावं-उजवं चुकायची भीती नव्हती.